नाव कुठेच घेतलं नव्हतं

प्रबंध : दार कशाला लावून घेतलंत, वहिनी?

वहिनी : वाऱ्याने पोस्टरं उडतात.

प्रबंध : वारा कुठाय? पंखासुद्धा बंद आहे.

वहिनी : बस म्हटलं ना. बाकावर नको, खळ ओली आहे. ती खुर्ची घे.

वकील : आणि फोन टेबलावर ठेवा. इथे, मधोमध.

प्रबंध : वकीलसाहेब, तुम्ही? सोमवारी तर तुमचं कोर्ट असतं ना?

वकील : लवकर आटपलं. फोन.

प्रबंध : हा घ्या. पण झालंय काय? सकाळपासून बघतेय, मी खोलीत शिरले की सगळ्यांची बोलणी बंद. टायपिस्टताई रोज ‘आला का आमचा प्रबंध’ म्हणून मजला दणाणून सोडते, आज तिने मान वर केली नाही. चहासुद्धा सगळ्यांचा झाला, माझा कप कुणीतरी धुऊन उपडा घालून ठेवलाय.

वहिनी : मीच सांगितलं त्यांना. तुझ्यासमोर कामाचं काही बोलायचं नाही म्हणून.

प्रबंध : माझ्यासमोर? का?

वहिनी : वकीलसाहेब, तुम्हीच विचारा हो. मी विचारायला लागले तर आवाज चढेल आणि खाली शिंप्याच्या दुकानात ऐकू जाईल.

वकील : रीतसर विचारतो. तुम्ही विद्यापीठात पीएच.डी. करता. मधले तीन महिने बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं, असा तुमच्याकडचा नियम. म्हणून तुम्ही आमच्या संघटनेत आलात. बरोबर?

प्रबंध : हे तुम्हाला माहीत आहे की.

वकील : हो की नाही, एवढंच.

प्रबंध : हो.

वकील : संघटना इतक्या होत्या. पाण्यासाठी भांडणाऱ्या आहेत, झाडांसाठी भांडणाऱ्या आहेत. तुम्ही नेमकी लिफ्टसाठी भांडणारी निवडलीत.

प्रबंध : माझा विषयच तो आहे ना! उंच इमारतींत राहणारी माणसं धोका कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

वहिनी : हो, तासभर सांगितलंस. तेव्हापासूनच तुझं नाव प्रबंध पडलं.

वकील : वहिनी, मला ओघात राहू द्या. तर, तीन आठवड्यांपूर्वी याच टेबलाशी एक बैठक झाली. कोण कोण होतं?

प्रबंध : तुम्ही, वहिनी, मी. आणि काका.

वकील : काका म्हणजे?

प्रबंध : वहिनींचे दीर. वकीलसाहेब, तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात!

वकील : आणि काकांनी काय सांगितलं?

प्रबंध : ते बोलायचं नाही असं ठरलंय.

वकील : वा. आम्हा दोघांसमोर बोलायला हरकत नाही, आम्ही तिथेच होतो.

प्रबंध : त्यांनी सांगितलं की ते ज्या कंपनीत मेकॅनिक आहेत, तिथे लिफ्टचा ब्रेक तपासतच नाहीत. नुसता ‘तपासला’ असा स्टिकर डकवतात. आपली केस आहे त्या वसाहतीतली लिफ्ट दोन मजले खाली आली आणि आजींचं खुब्याचं हाड मोडलं, तिच्या स्टिकरवरची सही काकांची होती. वरून सांगितलं, म्हणून न तपासता केलेली. ते सांगताना रडले.

वहिनी : रडले नाहीत. त्यांचे डोळे तसेच आहेत.

प्रबंध : रडले, वहिनी.

वकील : आणि काय ठरलं?

प्रबंध : परवाच्या सुनावणीत तुम्ही त्यांना साक्षीला उभं करणार. तोवर कुणाला कानोकान खबर लागू द्यायची नाही, म्हणजे कंपनीला दमदाटी करायला वेळ मिळणार नाही.

वकील : छान. शनिवारी कंपनीने त्यांची हत्यारांची पिशवी काढून घेतली. मशीन रूमच्या किल्ल्या काढून घेतल्या. आणि त्यांना गोदामात एका स्टुलावर बसवून ठेवलं. म्हणाले, तुम्ही बाहेरच्यांशी बोलता असं कळलंय. सुनावणीत तोंड उघडलंत तर पुन्हा कामावर यायची तसदी घेऊ नका.

प्रबंध : काय?

वकील : चकित झालात?

प्रबंध : मला माहीतच नव्हतं! शनिवार-रविवार मी खोलीवर होते. मला कुणी कळवलं का नाही?

वहिनी : तुला कशाला कळवायचं? तुलाच तर आधी माहीत असणार ना.

प्रबंध : म्हणजे? वहिनी, तुम्हाला असं वाटतं की मी...

वहिनी : मला काय वाटतं ते विचारू नकोस. चार माणसं होती. एक मी. एक हे, माझ्या यजमानांनी, दादांनी, संघटना उभी केली तेव्हापासूनचे वकील. दादा गेले तेव्हा तिरडीला खांदा दिला यांनी. एक भाऊजी स्वतः. आणि एक तू, दोन महिन्यांपूर्वी पाठीला सॅक लावून आलेली. तूच सांग मी कुणाकडे बघू.

प्रबंध : मी कुणाला एक शब्द बोलले नाही. शपथ.

वकील : शपथ मी कोर्टात रोज ऐकतो. एक सांगा. शुक्रवारी निघताना मी तुम्हाला काय म्हटलं होतं?

प्रबंध : सुनावणी आठवडाभर पुढे गेली म्हणून. पण आत्ता तुम्हीच म्हणालात परवा आहे!

वकील : परवाच आहे. कधीच पुढे गेली नव्हती.

प्रबंध : मग तसं का सांगितलंत? मी आईला कळवलं की या आठवड्यात येतेय! ती वाट बघत बसलीय!

वकील : सवय आहे माझी. नवीन माणूस आलं की एखादं खोटं पेरून ठेवायचं आणि कुठे उगवतं ते बघायचं.

प्रबंध : आणि उगवलं?

वकील : नाही. आज सकाळी कंपनीचा वकील भेटला. ‘परवा भेटूच’ म्हणाला. पुढे गेल्याचं कानावर असतं तर आधी तारखेचं विचारलं असतं. म्हणजे ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

प्रबंध : मग झालं तर!

वकील : काही झालं नाही. एक तर तुम्ही निर्दोष आहात, नाहीतर मला वाटलं त्यापेक्षा हुशार आहात. माझा अजून निर्णय झालेला नाही.

प्रबंध : एक मिनिट. कंपनीचा वकील तुम्हाला कुठे भेटला?

वकील : कँटीनमध्ये.

प्रबंध : आज पण? गेल्या आठवड्यात मी तुम्हाला कागद द्यायला कोर्टात आले होते, तेव्हाही तुम्ही त्यांच्याबरोबरच बसला होतात. एका बशीतली बिस्किटं खात होतात. हसत होतात. मी लांबूनच परत फिरले, म्हटलं बरं दिसत नाही. वहिनी, हे तुम्हाला माहीत आहे?

वहिनी : बिस्किटांचं नव्हतं माहीत.

वकील : अहो, तो माझ्याबरोबर कॉलेजला होता! कोर्टात भांडतो, कँटीनमध्ये चहा पितो. सगळेच वकील पितात. भांडणं अशिलांची असतात.

वहिनी : आमची, म्हणजे.

वकील : वहिनी, आता तुम्ही माझ्यावर घसरू नका.

वहिनी : मी कुणावरच घसरत नाही. पण काय बोलता त्याच्याशी?

वकील : त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. माझ्या मुलीचं लग्न. पंचवीस वर्षं तुमच्याकडून फीचा आग्रह न धरणारा माणूस मी, आणि ही मुलगी बिस्किटांवरून...

प्रबंध : तुम्ही माझ्यावर सॅकवरून संशय घेऊ शकता आणि मी बिस्किटांवरून घ्यायचा नाही?

वहिनी : पुरे! दोघंही गप्प बसा. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मला ते आज शोधायचंच आहे. वकीलसाहेब, तुम्ही काल तिकडे जाऊन आलात ना, ते विचारा.

वकील : तुमचा विभाग विद्यापीठाच्या नव्या इमारतीत आहे. पाचव्या मजल्यावर.

प्रबंध : हो.

वकील : वर कशाने जाता?

प्रबंध : लिफ्टने. मग?

वकील : ती लिफ्ट कुठल्या कंपनीची?

प्रबंध : मला काय माहीत?

वकील : याच कंपनीची. विद्यापीठाला भेट दिलेली. आत आरशाखाली तशी पितळी पाटी आहे.

प्रबंध : तुम्ही माझ्या विभागात जाऊन आलात? रविवारी?

वकील : रविवारी पाट्या वाचायला निवांत वेळ मिळतो.

प्रबंध : मी नाही वाचली कधी. आरशात बघते मी, पाटीकडे कोण बघतंय!

वहिनी : अगं, दोन महिने लिफ्टवाल्यांशी भांडणाऱ्यांमध्ये काम करतेस आणि स्वतः ज्या लिफ्टमध्ये चढतेस ती कुणाची, ते बघत नाहीस?

प्रबंध : चुकलं. पण म्हणजे मी हेर झाले का?

वकील : त्या इमारतीत शेवटच्या कधी गेला होतात?

प्रबंध : गुरुवारी.

वकील : काकांची पिशवी काढून घेतली त्याच्या दोन दिवस आधी. कशासाठी?

प्रबंध : आढावा होता माझा. बाहेर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मध्यावर एकदा विभागात येऊन बोलावं लागतं. काय केलं, काय दिसलं. वहिनी, मी तुमच्याकडूनच सुट्टी मागून गेले होते.

वहिनी : मला म्हणालीस, गाइडना भेटायला जातेय.

प्रबंध : गाइड पण होतेच की तिथे.

वहिनी : ‘पण’?

प्रबंध : म्हणजे आढावा असला की सगळेच येतात. विद्यार्थी, शिक्षक, कुणीही येतं. ते खुलंच असतं.

वकील : खुलं असतं. आणि तिथे तुम्ही आमच्याबद्दल बोललात.

प्रबंध : संघटनेचं नाव घेतलं नाही. वसाहतीचं नाही, कंपनीचं नाही, कुणाचंच नाव कुठेच घेतलं नव्हतं. आमच्याकडे त्याचे कडक नियम आहेत. मी काकांना आधी बसवून सगळं समजावलं होतं की तुमचं नाव, वय, पत्ता काहीसुद्धा बाहेर जाणार नाही. ते हसून म्हणाले, नाव नाही ना येत, मग बोल काय हवं ते.

वहिनी : भाऊजींबद्दल बोललीस तू?

प्रबंध : काकांबद्दल नाही. ‘एक तंत्रज्ञ’ म्हटलं.

वकील : काय म्हटलंत? जसं तिथे बोललात तसंच इथे बोला.

प्रबंध : आता कसं आठवेल...

वकील : अख्खा प्रबंध तोंडपाठ असतो तुमचा. बोला.

प्रबंध : मी सुरुवातीला आकडेवारी दाखवली. वसाहतीतल्या किती लोकांना लिफ्टची भीती वाटते वगैरे. लोक कंटाळले होते, मागे दोघं चक्क झोपले होते. मग मी म्हटलं, धोका कागदावरून कळत नाही, तो माणसाच्या वागण्यातून कळतो. मला कामाच्या दरम्यान एक तंत्रज्ञ भेटला. लिफ्ट दुरुस्त करणं हेच त्याचं काम. त्याच्याबरोबर मी एक दिवस हिंडले. आणि मला दिसलं की हा माणूस लिफ्टने जातच नाही.

वहिनी : म्हणजे?

प्रबंध : जिन्याने जातो. खांद्यावर हत्यारांची जड पिशवी, आणि वरच्या मशीन रूमपर्यंत सगळे मजले पायी. मी विचारलं, लिफ्ट चालू आहे की. तर म्हणाला, हिचा ब्रेक मी तपासलेला नाही. ज्या लिफ्टचा ब्रेक स्वतःच्या हाताने तपासला तिच्यातच तो चढतो. बाकी सगळीकडे जिना. त्या आजींना लागलं तेव्हापासून.

वहिनी : गुडघे दुखतात म्हणायचे.

प्रबंध : काय?

वहिनी : घरी आले की पाय चोळत बसायचे. म्हणायचे, वहिनी, वय झालं, गुडघे दुखतात. मी तेल गरम करून द्यायची. मला नाही सांगितलं त्यांनी हे.

वकील : पुढे. हे ऐकल्यावर सभेने काय केलं?

प्रबंध : झोपलेले जागे झाले. एका बाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गाइड म्हणाले, याला म्हणतात निरीक्षण. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मला चांगलं म्हणाले.

वकील : प्रश्न विचारले कुणी?

प्रबंध : एकानेच. पहिल्या रांगेत बसले होते. विचारलं, हा कर्मचारी कुठल्या पाळीत काम करतो?

वकील : आणि तुम्ही सांगितलंत.

प्रबंध : मुळीच नाही! मी म्हटलं, माफ करा, ते सांगता येणार नाही, त्या माणसाची ओळख जपणं माझी जबाबदारी आहे. ते लगेच म्हणाले, बरोबर आहे तुमचं, अगदी बरोबर. नंतर चहाच्या वेळी मुद्दाम जवळ आले. म्हणाले, तुमची नजर फार बारीक आहे.

वकील : दिसायला कसे होते?

प्रबंध : पन्नाशीचे असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. अगदी हळू बोलतात, समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं.

वकील : आणि बोलताना चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळतात.

प्रबंध : तुम्हाला कसं माहीत?

वकील : दर सुनावणीला माझ्या समोरच्या बाकावर बसतो तो. कंपनीचा सुरक्षा अधिकारी. तुमच्या विभागाच्या सल्लागार मंडळावर असणार, लिफ्ट दिली की खुर्चीही मिळते.

प्रबंध : पण मी त्यांना काहीच सांगितलं नाही. पाळीसुद्धा सांगितली नाही!

वकील : त्याला पाळी नकोच होती. तुम्ही कुणाला तरी झाकताय, एवढंच त्याला तुमच्या तोंडून हवं होतं. ते मिळालं.

प्रबंध : पण नाव... मी नाव कुठेच...

वहिनी : अगं पोरी, त्या कंपनीत जिन्याने जाणारे मेकॅनिक किती असतील?

प्रबंध : मला वाटलं...

वहिनी : किती असतील? सांग ना.

प्रबंध : एक.

वहिनी : मला ठाऊक नव्हतं, पण बरोबरच्या पोरांना ठाऊक असणारच. थट्टा करत असतील त्यांची. तू नाव झाकलंस आणि अख्खा माणूस उघडा ठेवलास.

प्रबंध : वहिनी, मी नियमाप्रमाणे केलं. नाव नाही, वय नाही, पत्ता नाही. पडताळून पाहिलं होतं मी. तेवढं काढलं की माणूस ओळखू येत नाही, असंच शिकवतात आम्हाला.

वहिनी : तुझ्या विद्यापीठात नसेल येत. इथे माणसं एकमेकांना पत्त्याने ओळखतात होय? टायपिस्टताईचं नाव काय?

प्रबंध : नाव... मी ताईच म्हणते.

वहिनी : माझं?

प्रबंध : वहिनी.

वहिनी : बघ.

वकील : आणि ती गोष्ट सांगायची काय अडली होती? आकडेवारी पुरेशी नव्हती?

प्रबंध : लोक झोपले होते.

वकील : म्हणून?

प्रबंध : म्हणून सांगितली. खरं सांगते, मला ती सांगायचीच होती. काकांना जिन्यात पाहिलं त्या दिवसापासून माझ्या मनातून ते जात नव्हतं. मला वाटलं, हे कुणालातरी कळायला पाहिजे. आणि माझंही कौतुक व्हायला पाहिजे. दोन्ही वाटलं. मला लाज वाटतेय, वहिनी. मी आत्ता काकांकडे जाते आणि पाय धरते त्यांचे. की त्यांना इथे बोलावता?

वहिनी : ते घरी नाहीत.

वकील : घरी नाहीत म्हणजे? मघाशी मी म्हटलं संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला येतो, तर तुम्ही बरं म्हणालात.

वहिनी : शनिवारपासून नाहीत.

वकील : आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? परवा सुनावणी, माझा एकुलता एक साक्षीदार घर सोडून गेलेला, आणि तुम्ही मला इथे बसवून या मुलीची उलटतपासणी करवताय? कुठे गेलेत?

वहिनी : त्यांचा मित्र आहे, बसच्या डेपोत कामाला. त्याच्या खोलीवर. चार कपडे पिशवीत कोंबून गेले.

वकील : का गेले?

वहिनी : मी विचारलं म्हणून.

प्रबंध : काय विचारलंत?

वहिनी : तेच, जे आज तुला विचारतेय. शनिवारी दुपारी ते रिकाम्या हातांनी घरी आले. किल्ल्या काढून घेतल्या म्हणाले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की हे घाबरले. घाबरून स्वतःच साहेबाकडे जाऊन सगळं ओकून आले, आणि आता नाटक करताहेत. लहानपणी असंच करायचे. काही मोडलं की आपणच जाऊन दादांना सांगायचे, मार चुकावा म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होते, माझ्या हातचं खाऊन वाढलेत. मला वाटलं, मी यांना पुरतं ओळखते.

वकील : तुम्ही त्यांना तसं तोंडावर म्हणालात?

वहिनी : म्हणाले, भाऊजी, तुमच्या भावाने उभं केलेलं तुम्ही विकून आलात. असंच म्हणाले. या शब्दांत.

प्रबंध : आणि ते?

वहिनी : एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. पिशवी घेऊन बाहेर आले. ते गप्प राहिले ना, त्याने तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, खोटं पकडलं गेलं की माणूस असाच गप्प होतो.

वकील : खात्री पटली होती, तर हिला कशाला बसवलंत?

वहिनी : कारण रात्री झोप लागेना. वाटलं, दुसरं कुणीतरी निघालं तर बरं होईल. देवाशपथ सांगते, सकाळपासून मी मनात म्हणतेय, ही पोरगीच निघू दे. ही काय, महिन्याने जाणारच आहे.

प्रबंध : निघाले मी.

वहिनी : हो. निघालीस.

वकील : हे बघा. झालं ते झालं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणजे लपवायची गरजही नाही. मी आजच्या आज अर्ज करतो की आमच्या साक्षीदाराला कंपनी धमकावतेय. उलट आपली बाजू जड होईल. पण साक्षीदार तर हवा. ते येणार आहेत का, हे मला आत्ता कळलं पाहिजे.

प्रबंध : मी बोलू का त्यांच्याशी? माझ्यामुळे झालंय.

वहिनी : तुझं तू नंतर बोल. आधी मला बोलायचंय. तो फोन दे इकडे. तुझाच दे, माझा ते उचलत नाहीत.

(वहिनी खिडकीशी जाऊन फोन लावतात.)

वहिनी : हॅलो. … नाही, ती नाही. मी बोलतेय. … ठेवू नका. भाऊजी, ठेवू नका, एवढं ऐका. … कळलं मला. तुम्ही नव्हतात. … हो, आज. आत्ता. … ती होती, आपला प्रबंध. मुद्दाम नाही केलं तिने. विद्यापीठात भाषण केलं, त्यात तुमचं जिन्याने जाणं सांगितलं. त्यावरून ओळखलं त्यांनी. … नाव नव्हतं घेतलं. … हो. … हो, इथेच बसलीय, तोंड एवढंसं झालंय. … नाही रागावले फार. … बरं, रागावले. … नाही रागावत आता. … लहान आहे, चुकली, म्हणता. सोडून द्या म्हणता. … बरं. दिलं सोडून. … आणि माझं? …

वकील : काय म्हणताहेत?

वहिनी : थांबा हो. … भाऊजी? आहात ना? … मला तुम्ही ते जिन्याचं का नाही सांगितलंत? … मी हसले नसते. … मी असं कसं म्हणाले, ते मला कळत नाही. तोंडून गेलं असं नाही म्हणणार. मला वाटलंच होतं तसं. पण चुकीचं वाटलं. … ऐकताय ना? … घरी कधी येताय? …

प्रबंध : वहिनी, मी बाहेर थांबू का?

वहिनी : … अकरा वाजता. … हो, नेहमीच्याच हॉलमध्ये. … वकीलसाहेब दारातच असतील. … बरं. … बरं.

वकील : ठेवला? काय म्हणाले?

वहिनी : सुनावणी किती वाजता, ते विचारलं.